अनोळखी रत्नखड्याची ओळख (बेळगाव सीमाभाग)

शेतात नांगराला लागलेला, विहिरीच्या मुरमात निघालेला, खडीच्या खाणीतून किंवा नदीच्या गोट्यांतून उचललेला चकचकीत खडा नेमका कोणत्या खनिजाचा आहे, हे ठरवण्याची रीत. यात खड्याचा आकार, काठिण्य आणि घनता तपासतात व प्रकाश त्यातून कसा जातो ते पाहतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक या भागांत असा खडा सापडला की तो आधी सोनाराकडे जातो. सोनाराची नजर पैलू पाडलेल्या, घासलेल्या खड्यांना सरावलेली असते. कच्च्या स्फटिकाची ओळख सुरू होते ती जमिनीपासून, म्हणून खडा कुठे, किती खोलीवर आणि कोणत्या दगडात मिळाला ही नोंद सर्वांत मोलाची.

या मुलखात तीन निरनिराळे खडक एकमेकांना भिडतात. उत्तरेला निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळा फत्तर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे दख्खन ट्रॅपचा हा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले की गारगोटी, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजे वाढतात. जांभळा ॲमेथिस्टही याच घरातला. गोकाक आणि सौंदत्तीकडे कलादगी गटाचे वालुकाश्म व क्वार्टझाइट आहेत. घटप्रभा गोकाकला कोसळते ती याच थरांवरून. दक्षिणेला खानापूरच्या बाजूला धारवाड गटाचे, २५० कोटी वर्षांहून जुने रूपांतरित खडक येतात. त्यांत गारगोटीच्या शिरा असतात, आणि अशा प्रकारच्या खडकांत गार्नेट व तोरमल्ली (टूर्मलीन) वाढू शकतात. त्यामुळे निपाणीच्या विहिरीतला जांभळा खडा आणि खानापूरच्या ओढ्यातला लालसर खडा यांची चौकशी वेगवेगळ्या वाटेने करावी लागते.

कृष्णेचे नाव निघाले की हिऱ्याची आशा जागी होते. कृष्णेकाठची कोल्लूरसारखी प्रसिद्ध हिरेक्षेत्रे आंध्रात, म्हणजे इथून पुष्कळ खाली आहेत, आणि नदी गोटे उताराकडेच नेते. बेळगावकडच्या काळ्या फत्तरात हिरा तयार होत नाही.

अखंड स्फटिकाचा आकार बरेच काही सांगून जातो. गारगोटीचा स्फटिक सहा बाजूंचा, टोकाला निमुळता, आणि त्याच्या उभ्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतात. पुष्कराज (टोपाझ), तोरमल्ली आणि पाचूच्या कुळातले बेरिल यांवर रेघा दिसल्याच तर त्या उभ्या असतात. भिंगातून एवढे एक पाहिले तरी पुष्कळ गोंधळ मिटतो. तोरमल्लीचा आडवा छेद फुगीर त्रिकोणासारखा असतो, गार्नेटचा खडा बहुधा बारा पैलूंचा गोळा, कुरुंद (माणिक, नीलम ज्याचे ते खनिज) मधे फुगलेला आणि टोकांकडे निमुळता. फत्तराच्या पोकळीतला ॲपोफिलाइट चौकोनी असतो व त्याच्या सपाट टोकावर मोत्यासारखी झाक दिसते; स्टिल्बाइट पेंढीसारखा पसरलेला असतो. नदीत घासून गोल झालेल्या गोट्यावर मात्र यातले काहीच उरत नाही. मग फुटीकडे पाहावे. गारगोटी शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठांनी फुटते, कॅल्साइट तीन दिशांनी सपाट, तिरक्या ठोकळ्यांत दुभंगतो.

काठिण्य मोजायला फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा पायऱ्यांची श्रेणी आजही वापरतात: शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, फेल्डस्पार ६, गारगोटी ७, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. नख साधारण अडीच, साधी काच आणि पोलादी पाते साडेपाचाच्या आसपास. ‘काच कापते, म्हणजे हिरा’ ही समजूत याच ठिकाणी फसते. सात काठिण्याची साधी गारगोटीसुद्धा काच सहज ओरखडते. काचेवर ओरखडा उठला तर खडा कॅल्साइट किंवा झिओलाइट नाही इतकेच कळते, आणि तेवढ्यासाठी चांगल्या स्फटिकाची धार घालवणे योग्य नाही. घणाखाली ठेवून हिरा पारखण्याची जुनी रीत तर घातकच आहे. काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणे. ठोका सोसणे हा वेगळा गुण. हिरा ठराविक दिशांना सहज दुभंगतो, म्हणून खरा हिराही या परीक्षेत फुटतो.

घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत विश्वासाची परीक्षा घनतेची. तिने खड्याला इजा होत नाही. आधी कोरडा खडा डिजिटल काट्यावर तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, दोऱ्याने बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला व कडेला टेकणार नाही असा धरावा. आता काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. समजा खडा १३.२५ ग्रॅम भरला आणि पाण्यात आकडा ५.०० आला, तर घनता २.६५, म्हणजे गारगोटीची. तेवढ्याच आकाराचा पुष्कराज साधारण १७.५ ग्रॅम आणि कुरुंद २० ग्रॅम भरेल. कॅल्साइट २.७१ वर असल्याने गारगोटीच्या अगदी शेजारी येतो, पण त्याला काठिण्य आणि सौम्य आम्लाच्या थेंबाने उठणारे बुडबुडे वेगळे काढतात. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे कुंचल्याने काढावेत. आईदगड, म्हणजे खडा ज्यात वाढला तो मूळ दगड, चिकटलेला असेल, तर ही परीक्षा व्यर्थ जाते. फार लहान खड्याला सराफाचा नाजूक काटा लागतो. बेळगाव, शहापूरच्या सराफी दुकानांत तो सहज मिळेल.

प्रकाशाच्या परीक्षांपैकी कॅल्साइटची सर्वांत देखणी: स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवला की अक्षरे दुहेरी दिसतात. बाकी खनिजांत हा परिणाम इतका ठळक नसतो. ध्रुवक (पोलराइज्ड) भिंगांचा गॉगल लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर फिरवून अंधार करावा आणि मधे खडा धरून फिरवावा. गारगोटी किंवा माणिक एका फेऱ्यात चार वेळा उजळते आणि चार वेळा विझते, फक्त स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिले तर तसे दिसत नाही. काच, गार्नेट आणि हिरा मुळात अंधारेच राहायला हवेत, पण त्यांतही कधी ताणामुळे धूसर पट्टे दिसतात.

रंगावर मात्र निकाल देऊ नये. गारगोटी पांढरी, जांभळी, गुलाबी, पिवळी, धुरकट अशा सगळ्या रंगांत मिळते. ॲमेथिस्ट तापवला की बहुधा पिवळा होतो आणि ‘सुनेला’ (सिट्रिन) या नावाने विकला जातो. बाजारातला ‘पुष्कराज’ पुष्कळदा पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद असतो, तर खनिजशास्त्रात पुष्कराज हे वेगळेच खनिज. गावात खडा हातोहात फिरताना या नावांनी जेवढी फसगत होते तेवढी खोट्या खड्यांनीही होत नसावी.

माणिक आणि नीलम रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी ॲल्युमिना पूड तयार होते, तीही हेच ऑक्साइड. अशी पूड ज्योतीत वितळवून कृत्रिम माणिक घडवण्याची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. या माणकाचे काठिण्य व घनता खऱ्यासारखीच येते; भेद आतल्या वक्र वाढरेषांत आणि वायूच्या बुडबुड्यांत दिसतो, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. उलट शेतात आईदगडातच रुतलेला खडा सापडला असेल, तर कृत्रिमतेची शंका जवळजवळ मिटते. म्हणून खडा कोरून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा.

एवढ्यावरही नक्की झाले नाही, तर अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजणारे साधन लागते: गारगोटीचा सुमारे १.५४ ते १.५५, कुरुंदाचा १.७६ ते १.७७, हिऱ्याचा २.४२. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भूविज्ञान विभाग आहे. पैलू पाडलेल्या खड्यासाठी मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा अधिक सोयीच्या. खडा देताना आईदगडाचा तुकडा आणि जागेची नोंद सोबत द्यावी. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून दगड उचलण्यास कायद्याने मनाई आहे. तिथे खडा जागीच ठेवून फक्त छायाचित्र घ्यावे.