दहा हजारांची लिमिट? ती कधीच गेली

शहीद, बेपत्ता किंवा युद्धात अपंग झालेल्या जवानांच्या मुलांना शिक्षणखर्च महिन्याला फक्त 10,000 रुपयांपर्यंतच मिळतो, हा मेसेज अजून फिरतोय. थांबवा राव आता. 1971 च्या युद्धानंतर 1972 मध्ये ही सवलत सुरू झाली, आणि 2017 मध्ये सरकारने खरंच ही लिमिट घातली होती, त्यावर ओरड झाली (व्हायलाच हवी होती), म्हणून मार्च 2018 मध्ये ती काढूनही टाकली. बातमी खरी होती पण शिळी आहे. आणि हो, फक्त शहिदांच्या मुलांनाच मिळतं असंही नाही, अपंगत्व आलेल्या जवानांची मुलंही त्यात येतात, हे तर बऱ्याच घरात माहीतच नसतं.