‘कमी अल्कोहोल’ म्हणजे नेमकं किती? लागरच्या चव-परीक्षेमागचा घोळ

कोल्हापुरात बिअर मागवायला आजवर दोन शब्द पुरत आले: माइल्ड आणि स्ट्राँग. अलीकडे ‘झीरो’, म्हणजे अल्कोहोल जवळपास नसलेली बिअर, हा तिसरा आला. टेबलावर तिन्ही शब्द चालून जातात, पण लागरचे (थंडीत आंबवलेल्या नेहमीच्या बिअरचे) चार ग्लास समोर ठेवून गुणपत्रक भरायला बसलं की वाद सुरू होतो. गटाच्या नावात ‘कमी अल्कोहोल’ लिहिलेलं असतं आणि ‘कमी’ म्हणजे किती, यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

या घोळाचं मूळ कायद्यातच आहे. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी आलेला दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. पाट्यांवरचं ‘परमिट रूम’ हे नाव त्याच कायद्याची खूण. अल्कोहोल असलेला द्रव म्हणजे मद्य, इतकी त्याची व्याख्या पसरट होती. 1951 साली न्यायालयात व्याख्या टिकली, मात्र औषधं आणि प्रसाधनं बंदीतून सुटली. बिअर हलकी की जड, हा प्रश्न त्या चौकटीत फारसा उरलाच नाही.

आज महत्त्वाचे आहेत ते 2018 साली ठरलेले आणि 1 एप्रिल 2019 पासून अमलात आलेले केंद्रीय अन्नसुरक्षा नियम. त्यांच्यानुसार 0.5 टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तर पेय मद्य ठरतं. बिअरमध्ये 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि 5 ते 8 टक्के स्ट्राँग. इथवर सरळ आहे. पण याच नियमांत ‘कमी अल्कोहोलचं पेय’ असाही वर्ग आहे आणि तो 0.5 पासून थेट 8 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे आपण ज्याला स्ट्राँग म्हणतो, ती बाटलीही कागदावर ‘कमी अल्कोहोल’च! 650 मिलीच्या बाटलीत 8 टक्क्यांना 52 मिली शुद्ध अल्कोहोल असतं आणि 0.5 टक्क्याला सव्वातीन मिली. सोळा पटींचं अंतर एका शब्दाखाली झाकलं जातं. सरकारी वर्गीकरण म्हणून ते चालेल, चव-परीक्षेला ते घातक आहे.

ब्रिटनमध्ये ‘लो अल्कोहोल’ची मर्यादा 1.2 टक्के, जर्मनीत ‘अल्कोहोलमुक्त’ लेबल 0.5 टक्क्यापर्यंत चालतं. 0.5 हा आकडा अमेरिकेच्या दारूबंदीतही होता, 1919 च्या कायद्यात. 1933 च्या एप्रिलमध्ये तिथे 3.2 टक्क्यांची बिअर ‘नशा न आणणारी’ म्हणून मोकळी झाली, पण तो आकडा वजनाचा होता. आकारमानाने तीच बिअर 4 टक्के. लेबल वाचताना ही गफलत अजूनही होऊ शकते. ‘लाइट’ शब्दाचीही तीच गत: तो कॅलरीबद्दल बोलतो. 4.2 टक्क्यांची लाइट लागर आणि 0.5 टक्क्याची लागर हे वेगळेच जिन्नस आहेत.

अल्कोहोल काढल्यावर चवीचं काय होतं, यावर खरी परीक्षा अवलंबून असते. किण्वन मध्येच थांबवलं किंवा माल्टची साखर खाऊ न शकणारं यीस्ट वापरलं, तर वर्टचा, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या गोड पाण्याचा, कच्चा गोडवा राहतो. निर्वात पोकळीत अल्कोहोल उडवलं किंवा उलट परासरणाने (आरओने) गाळलं, तर गोडवा कमी राहतो, पण सुगंधही बराच निघून जातो. अल्कोहोल असताना काही अल्डिहाइड (वासाची संयुगं) द्रावात धरून राहतात, ते कमी झालं की नाकापर्यंत सहज पोचतात. म्हणून झीरोच्या ग्लासात उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. पूर्ण लागरमध्ये तोच पदार्थ असला तरी लपून राहतो.

अमेरिकेत 1985 पासून चालत आलेल्या परीक्षक पद्धतीत 50 गुण असतात: सुगंधाला 12, रंगरूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या भरीवपणाला 5 आणि एकूण परिणामाला 10. आमच्याकडच्या छोट्या बैठकीत हेच पत्रक मराठीत करून वापरतो. दोष वासावरून ओळखायचे: मक्याच्या उकडलेल्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड), लोण्याचा म्हणजे डायअॅसिटिल, कच्च्या सफरचंदाचा म्हणजे अॅसिटाल्डिहाइड. हिरव्या बाटलीवर ऊन पडलं की येणाऱ्या उग्र वासाला तर नावाचीही गरज लागत नाही. तांबड्या रश्शानंतर हे काहीच कळत नाही, म्हणून ग्लास जेवणाआधीच चाखायचे. आणि बर्फासारखा चिल्ड ग्लास आधी दहा मिनिटं बाहेर ठेवायचा. थंडीत दोष झोपतात.

मागच्या बैठकीत 0.0 आणि 4.5 टक्के एकाच गटात ठेवल्या होत्या. झीरोला ‘भरीवपणा’त 5 पैकी 1 मिळाला, कारण जीभ अजून शेजारच्या ग्लासात अडकलेली. एकाचं म्हणणं पडलं, लागर ती लागर, गुण एकाच मापाने द्यावेत. मला ते पटत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला रव्याचा (ढेपेचा) रंग, कण आणि चव पाहून दर बोलला जातो. काकवी त्याच उसाची, तरी ती रव्यांच्या ओळीत कुणी लावत नाही. अल्कोहोल फक्त नशेसाठी नसतं, ते गोडवा, ऊब आणि पोताला हात लावतं. ते नसताना ऊब शोधणं म्हणजे झीरोला आधीच नापास करणं.

पण स्वतंत्र गटाचीही अडचण आहे. फक्त झीरो एकत्र ठेवल्या की त्यातला वर्टचा वास ‘असतोच’ म्हणून माफ होतो आणि चांगलं काम केलेली बाटली वाईटाच्या पुढे उठून दिसत नाही. शेवटी असं ठरलं, की गट वेगळे, पण प्रत्येक गटाच्या आधी एक साधी माइल्ड लागर मापासाठी ओतायची, तिला गुण द्यायचे नाहीत. पत्रकावर ‘कमी अल्कोहोल’ हे शब्द काढून टक्का लिहायचा. पुढच्या बैठकीत 0.0, 0.5 आणि 3.5 अशा तीन ओळी आहेत. पहिल्या बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या आहेत.