घरगुती पांढरा ब्रेड (ठाणे व नवी मुंबई)

मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचे पीठ आंबवून, साच्यात भाजून केलेला, मऊ गराचा आणि पातळ सालीचा पाव. बोलण्यात त्याला ‘ब्रेड’ असेच म्हणतात. ‘पाव’ हा शब्द बहुधा एकमेकांना चिकटून भाजलेल्या लादी पावासाठी वापरला जातो. मूळ शब्द पोर्तुगीज असून, पीठ पायांनी तुडवीत म्हणून पाव, ही घरोघरी सांगितली जाणारी व्युत्पत्ती खरी नाही. मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकून घेईपर्यंत ठाण्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि येथील ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजात पूर्वी ताडीने व आता बहुधा यीस्टने आंबवलेल्या मैद्याचे ‘फुगे’ सणासमारंभाला अजूनही तळले जातात. आंबवलेला मैदा या परिसराला नवा नाही, नवी आहे ती स्वयंपाकघरातली भट्टी.

एका मध्यम साच्यासाठी ३०० ग्रॅम मैदा, सुमारे १८५ मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ते ६ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा साखर आणि २० ग्रॅम लोणी पुरते. वाटीपेक्षा वजनकाटा वापरावा, कारण दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीतील मैद्यात बराच फरक पडतो. पाणी लागताच मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायाडिन ही प्रथिने जुळून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते. दहा-बारा मिनिटे मळल्यावर पिठाचा तुकडा न फाटता पातळ पडद्यासारखा ताणता आला, तर ते जाळे पुरेसे झाले असे समजावे. यीस्ट साखरेपासून कार्बन डायऑक्साइड निर्माण करते व तो वायू या जाळ्यात अडकून पीठ फुगते.

खाडीकाठच्या हवेत या कृतीचा खरा कस लागतो. थंड प्रदेशांतील कृतींमध्ये पहिल्या फुगवणीला दीड-दोन तास सांगितलेले असतात; मे महिन्यात ठाण्यातील किंवा वाशीतील स्वयंपाकघराचे तापमान ३२-३३ अंश सेल्सिअस असताना तेच पीठ पाऊण तासात दुप्पट होऊ शकते. घड्याळ पाहून ते तसेच ठेवले तर यीस्टची साखर संपत जाते, आंबूस व मद्यासारखा वास येतो, ग्लुटेन सैल पडते आणि ओव्हनमध्ये वर येण्याऐवजी ब्रेड मधोमध बसतो. नवशिक्यांचे बहुतेक अपयश यातून येते, आणि दोष मात्र यीस्टला दिला जातो. म्हणून उन्हाळ्यात पीठ फ्रिजमधल्या पाण्याने भिजवावे, यीस्ट थोडे कमी घ्यावे, किंवा पीठ रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश फुगू द्यावे. या शेवटच्या पद्धतीने चवही अधिक भरते. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा आधीच शोषून घेतो, त्यामुळे दोन-तीन चमचे पाणी मागे ठेवून लागेल तसे घालणे हिताचे. आकार देऊन साच्यात दुसऱ्यांदा फुगवलेल्या पिठावर बोट टेकवल्यावर पडलेला खळगा हळूहळू आणि अर्धवटच भरून आला, की ते भाजायला तयार असते.

घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आधी पुरता तापवून १९० ते २०० अंशांवर साधारण अर्धा तास भाजतात. सुरुवातीच्या मिनिटांत यीस्ट अधिक जोमाने काम करते व ५५-६० अंशांच्या आसपास मरते. पुढे स्टार्च व प्रथिने घट्ट होऊन गराला आकार देतात. वाळू किंवा मीठ पसरलेल्या, शिटी व रबर काढलेल्या कुकरमध्येही ब्रेड भाजता येतो, पण वरून आच नसल्याने त्याचा माथा फिकट राहतो. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. त्यानंतर तासभर जाळीवर निवू द्यावा, कारण गरम कापल्यास आतली वाफ निसटून गर चिकट होतो.

विकतच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखण्यासाठी बहुधा कॅल्शियम प्रोपियोनेट असते. घरच्या ब्रेडमध्ये ते नसल्यामुळे दमट दिवसांत दोन-तीन दिवसांतच बुरशी दिसू लागते. फ्रिजमध्ये बुरशी लांबते, परंतु स्टार्चचे पुन्हा स्फटिकीभवन तेथे वेगाने होऊन ब्रेड लवकर कडक होतो. त्यामुळे पूर्ण निवल्यावर काप करून फ्रीजरमध्ये ठेवावेत व लागतील तेवढेच काढून तव्यावर शेकावेत.