टीव्हीवरचे ठोकळे आणि रीट्यूनची घाई

अँटेना फिरवायला कुणीतरी गच्चीवर चढायचं आणि खालून घरातलं कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" दूरदर्शनच्या त्या काळात हे जमायचं, कारण चित्र टप्प्याटप्प्याने बिघडायचं. आधी थोड्या मुंग्या, मग पडदाभर मुंग्या. समोरच्या इमारतीवरून लहरी परतल्या की निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली. त्या मुंग्या म्हणजे फुकटात मिळालेला मीटरच होता. डिजिटल प्रक्षेपणाने तो काढून घेतला. चित्र लख्ख असतं आणि पुढच्या मिनिटाला पडद्यावर ठोकळे, आवाजाची चिरफाड, मग 'नो सिग्नल'.

भारतात आता बहुतेक घरांत डिश किंवा केबल आहे. ब्रिटनमध्ये मात्र छपरावरच्या अँटेनाने फुकट टीव्ही पाहणं अजून नित्याचं आहे. तिथल्या या सेवेचं नाव फ्रीव्ह्यू. ती ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबल्यावर सगळा देश डिजिटल झाला. तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना आधीच्या मालकाची अँटेना, जुनी केबल आणि त्यांची दुखणी घरासोबतच मिळतात. म्हणून उदाहरणं तिथलीच घेऊ.

फ्रीव्ह्यू ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. त्यातल्या ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवतात. या गाठोड्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. जुन्या पद्धतीच्या मल्टिप्लेक्समध्ये माहिती एकाच लहरीवर न लादता ६,८१७ बारीक लहरींवर वाटलेली असते, आणि प्रत्येक तुकड्याआधी २८ मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवलेली असते. तेवढ्या वेळात रेडिओलहर साधारण साडेआठ किलोमीटर जाते. म्हणजे एखाद्या इमारतीवरून आपटून तेवढी वाट वाकडी करून आलेली लहरसुद्धा चित्र बिघडवत नाही. सावल्या गेल्या त्या यामुळे. शिवाय दर १८८ बाइटांमागे १६ जादा बाइट पाठवतात आणि त्यांच्या जोरावर ८ बाइटांपर्यंतच्या चुका टीव्ही स्वतःच दुरुस्त करतो.

गोम नेमकी इथेच आहे. चुका दुरुस्त होताहेत तोवर चित्र निर्दोष दिसतं. सिग्नल भरपूर असो की जेमतेम, पडद्यावर फरक शून्य. चुका आवाक्याबाहेर गेल्या की सगळंच कोसळतं, आणि या दोन अवस्थांमधलं अंतर असतं एक-दोन डेसिबलचं. तीन डेसिबल म्हणजे सिग्नलची शक्ती निम्मी. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी लावलेला साधा दोन फाट्यांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल खातो. वीस मीटर चांगली केबलही तीनेक डेसिबल खाते. वर्षानुवर्षं उत्तम चालणारा टीव्ही प्रत्यक्षात काठावर उभा असू शकतो. वसंतात समोरच्या झाडाला पानं फुटली, ती पावसात भिजली, की तो काठावरून घसरतो. हिवाळ्यात बसवलेली अँटेना मे महिन्यात रुसते ती त्यामुळे.

बिघाड झाला की बहुतेकांचा हात रिमोटवरच्या रीट्यूनकडे जातो. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आहे. रीट्यून केलं की बहुतेक टीव्ही साठवलेली वाहिन्यांची यादी पुसून नव्याने शोध घेतात. त्या क्षणी सिग्नलच नसेल तर हाती रिकामी यादी येते, आणि तासाभराने सिग्नल परतला तरी पडदा कोराच. मूळ दोष कदाचित आपोआप जाणारा होता. आता त्यात आपण घातलेली भर निस्तरायची.

आपोआप जाणारा दोष म्हणजे हवामान. हवेचा दाब जास्त असलेल्या शांत, निरभ्र दिवसांत कधीकधी जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसतो. एरवी क्षितिजापलीकडे निसटून जाणाऱ्या लहरी या थरामुळे खाली वळतात आणि शेकडो किलोमीटर जातात. मग इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागांत समुद्रापलीकडच्या युरोपातले किंवा देशातलेच दूरचे, त्याच फ्रीक्वेन्सीवरचे प्रक्षेपक येऊन धडकतात. आकाश स्वच्छ आणि टीव्ही बंद, हे विचित्र वाटतं खरं, पण अशा वेळी थांबणं हाच उपाय. फ्रीव्ह्यूवालेही रीट्यून करू नका असंच बजावतात. कधी प्रक्षेपकच बंद असतो. १० ऑगस्ट २०२१ रोजी नॉर्थ यॉर्कशरमधल्या बिल्सडेलच्या ३१४ मीटर उंच मनोऱ्याला आग लागली आणि ईशान्य इंग्लंडमधल्या लाखो घरांतला टीव्ही एका झटक्यात गेला. त्या दिवशी छपरावर चढून काहीच साधणार नव्हतं.

त्याऐवजी आधी पाहा, गेलं काय? सगळंच गेलं असेल तर केबल, वीज किंवा प्रक्षेपक. काही वाहिन्या गेल्या आणि काही ठणठणीत असतील तर गेलेल्या बहुधा एकाच मल्टिप्लेक्समधल्या असतात, म्हणजे दोष फ्रीक्वेन्सीशी निगडित आहे. शेजाऱ्यांकडे दिसतंय का, हेही विचारा. मग टीव्हीच्या मेनूत सिग्नलचा पडदा शोधा. त्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ (सिग्नल किती जोरात येतोय) आणि क्वालिटी (तो किती निर्दोष येतोय). लोक पहिलीकडे बघतात, कामाची दुसरी. स्ट्रेंथ कमी आणि क्वालिटी पूर्ण असेल तर हात लावू नका. स्ट्रेंथ पूर्ण आणि क्वालिटी तळाला असेल तर सिग्नल वाढवणारा बूस्टर घेऊन येणं म्हणजे आगीत तेल.

कारण सिग्नल जास्त झाला तरी चित्र जातं. ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात उभं राहून शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तशी टीव्हीच्या ट्यूनरची गत होते. प्रक्षेपक जवळ आहे, त्यात कुणी हौसेने बूस्टर लावलाय, किंवा रस्त्यापलीकडे मोबाइलचा टॉवर आलाय. तपासायची युक्ती सोपी आहे. टीव्हीच्या मागची अँटेनाची पिन अर्धवट बाहेर ओढा. चित्र सुधारलं, तर सिग्नल जास्त आहे. बूस्टर काढा, नाहीतर सिग्नल कमी करणारा छोटा अटेन्युएटर लावा. मोबाइलच्या लहरी अडवणारा फिल्टरही मिळतो. तो बूस्टरच्या आधी लावायचा, नंतर लावून उपयोग नाही.

मला विचाराल तर सर्वाधिक गुन्हे त्या पिनमध्येच सापडतात. पिन उघडून बघा. मधली तांब्याची तार एकटी, स्वच्छ उभी हवी. तिच्याभोवतीच्या जाळीचा केसाएवढा एक धागा जरी तिला टेकला तरी सिग्नल तिथेच मेला. तार काळी किंवा हिरवट दिसली तर केबलमध्ये पाणी शिरलंय. केबल कापत मागे जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. ओल फार आत गेली असेल तर सरळ नवी ओढा.

पावसावरूनही बरंच कळतं. डिशचा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झचा. मुसळधार पावसात तो आकाशातच शोषला जातो, हे आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येकाला माहीत आहे. अँटेनाचा सिग्नल मेगाहर्ट्झमध्ये, त्याला पावसाचं सोयरसुतक जवळजवळ नाही. म्हणून अँटेनावरचा टीव्ही पावसात जात असेल तर ढगांना दोष देऊ नका. भिजलेली पानं नसतील तर वरचा एखादा सांधा भिजतोय.

खांबावर बूस्टर असेल तर त्याला वीज त्याच केबलमधून मिळते आणि ती देणारा छोटा डबा टीव्हीमागे किंवा माळ्यावर असतो. व्हॅक्यूम क्लीनर लावायला कुणीतरी त्याचा प्लग काढतं आणि परत लावायला विसरतं. वीज नसलेला बूस्टर नुसता निरुपयोगी नसतो, तो येणारा सिग्नलही अडवतो.

गेम कन्सोल वगैरे टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलवर संशय सहसा कुणी घेत नाही. नेहमीच्या फुल एचडी चित्रासाठी तिच्यात १४८.५ मेगाहर्ट्झची ठोक्याची (क्लॉकची) लहर धावते. तिची चौपट ५९४, म्हणजे टीव्हीच्या फ्रीक्वेन्सीतल्या ३६ क्रमांकाच्या पट्ट्याचा (यूएचएफ चॅनेलचा) बरोबर मध्य. स्वस्तातल्या, नीट आवरण नसलेल्या केबलमधून गळती झाली आणि शेजारून अँटेनाची केबल गेली, की त्याच आसपासचं मल्टिप्लेक्स गायब. गेम कन्सोल बंद केल्यावर वाहिनी परत येत असेल तर चोर सापडला.

सगळं ठीक झाल्यावर रीट्यून करायचंच असेल तर शेवटी बातम्या लावून बघा. ब्रिस्टलच्या आसपास मेंडिप आणि वेल्समधला वेनव्हो असे दोन्ही प्रक्षेपक पोचतात. टीव्हीने वेनव्होला पसंती दिली तर बीबीसी वनवर कार्डिफच्या बातम्या सुरू होतात आणि आपल्या गावच्या वाहिन्या ८०० नंतरच्या क्रमांकांवर जाऊन बसतात. अशा वेळी आपोआप शोध सोडून हाताने, आपल्या प्रक्षेपकाचे चॅनेल क्रमांक देऊन ट्यून करावं. आणि तरीही जमलं नाही तर कारागिराला बोलावून भिंतीवरच्या सॉकेटपाशी मीटर लावायला सांगा. ४५ ते ६५ डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) दरम्यान आकडा आणि जोडीला चांगली क्वालिटी मिळाली, तर नवी अँटेना विकत घ्यायची गरज नाही, तो कितीही आग्रह करो.