पाचट कुट्टीचं अनुदान: अर्ज नेमका कुठे अडकतो

उसाची तोड झाली की फडात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, उरतं. त्यात अर्धा टक्का नत्र असतं, पालाश त्याहून थोडं जास्त आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. उजनीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतलेल्या आपल्या जमिनींना कर्बाचीच भूक आहे, आणि तोच आपण काडी लावून जाळतो. हौस म्हणून कुणी जाळत नाही. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, राखायचा असतो, मजूर मिळत नाहीत आणि पाचट सगळ्या कामांच्या आड येतं. पाचटाचे बारीक तुकडे करून ते रानातच पसरणारं, ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टी यंत्र किंवा मल्चर असेल तर हा प्रश्न सुटतो, आणि या यंत्रांना अनुदानही आहे. तरीही माळशिरस, माढा, पंढरपूर, मोहोळ या भागांत अर्ज बाद होतच राहतात. बहुतेक वेळा शेतकरी पात्र असतो, घोळ कागदाचा किंवा तारखेचा असतो.

आधी एक गैरसमज. भाताच्या पेंढ्यासाठीच्या यंत्रांना गटांना ८० टक्के अनुदान, अशी बातमी मोबाईलवर फिरते आणि लोक कृषी कार्यालयात जाऊन तेच मागतात. ती केंद्राची पीक अवशेष व्यवस्थापनाची वेगळी योजना आहे. भात काढून लगेच गहू पेरायच्या घाईत उत्तर भारतात पेंढा जाळला जातो, म्हणून २०१८ साली ती पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीसाठी सुरू झाली. सोलापूरच्या शेतकऱ्याने कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर अर्ज करायचा. तिथे अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारक यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के मिळतात. प्रत्येक यंत्राला कमाल रक्कम ठरलेली आहे, टक्केवारीने येणारी रक्कम आणि ही मर्यादा यांत जी कमी, तेवढंच अनुदान. अल्पभूधारक म्हणजे एकूण दोन हेक्टरपर्यंत जमीन. ऊस एकच एकर आहे म्हणून कुणी अल्पभूधारक होत नाही, दुसऱ्या गावातलं कोरडवाहू रानही त्यात धरलं जातं.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. यंत्र आधी घेतलं आणि अर्ज मागून केला, तर अनुदान मिळत नाही. पूर्वसंमती पत्र, म्हणजे यंत्र घ्यायला कृषी खात्याने दिलेली लेखी परवानगी, हातात येण्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. गाळप जोरात असताना खोडव्याला थांबता येत नाही, दुकानदार म्हणतो ‘घेऊन जावा, अनुदानाचं बघू नंतर’, आणि माणूस उसाच्या बिलाचे पैसे मोकळे करून बसतो. कृपा करून असं करू नका. तोडीला यंत्र हवं असेल तर अर्ज पावसाळ्यातच गेलेला हवा. २०२५ पासून सोडत बंद झाली आहे, आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे. म्हणजे ‘नशिबात असेल तर लागेल’ हा विचार सोडून आजच नंबर लावा.

पूर्वसंमतीच्या मुदतीतही लोक फसतात. खरेदीचे दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजा, निरोप तुमच्यापर्यंत पोचला त्या दिवसापासून नव्हे. तो निरोप अनेकदा पोचतच नाही, कारण अर्ज भरताना सेवा केंद्रवाल्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला असतो. नंबर तुमचाच आहे ना, हे स्क्रीनवर डोळ्यांनी बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे यंत्राचा तपासणी अहवाल. शासनमान्य संस्थेने तपासलेल्या मॉडेललाच अनुदान आहे. आपल्याकडे तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये दणकट कुट्टी यंत्रं बनतात, कामही चांगलं करतात, पण त्यांचा अहवाल नसतो आणि तिथे अर्ज संपतो. हा अहवाल शेतकऱ्याने मिळवायचा नसतो, तो विक्रेत्याने द्यायचा. कोटेशन घेतानाच मागा. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून कोटेशनच घेऊ नका. अहवाल, कोटेशन आणि बिल या तिन्हींवर मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून चांगल्या शेतकऱ्याचा अर्ज परत पाठवायचा, हे मला पटत नाही. पण तसं घडतं, म्हणून आधीच जुळवून घ्या.

ट्रॅक्टरचं आरसी बुक हा पुढचा अडसर. ट्रॅक्टरचलित औजारासाठी ट्रॅक्टर असल्याचा पुरावा लागतो. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि अर्ज मुलाचा, असं असलं तरी चालतं, कुटुंबातल्या सदस्याचा ट्रॅक्टर ग्राह्य आहे. चालत नाही तो जुना घेतलेला, पण नावावर करून न घेतलेला ट्रॅक्टर. तसा असेल तर आधी आरटीओचं काम उरका. अर्जात एचपीचा गट निवडताना ट्रॅक्टरची ताकद अंदाजे सांगू नका, कागद बघून सांगा.

आणि जमीन. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला, शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. सातबाऱ्यावर नाव असेल तर तो काढायला फार त्रास नाही. अडतात ती घरं जिथे वडील जाऊन वर्षं झाली आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर आहे. राबणारा मुलगा कागदावर शेतकरीच नसतो. आधी वारस नोंद, मग ओळख क्रमांक, मग अर्ज, दुसरा रस्ता नाही. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाईन करता येतो, पण नोटिशीची १५ दिवसांची मुदत आणि मंजुरी धरून वेळ जातोच. भावाभावांत वाटण्या झाल्या नसल्या तरी वारस नोंद होते, वाटणीपत्रासाठी थांबू नका.

अर्ज भरणं त्यामानाने सोपं. ओळख क्रमांकाने लॉगिन करायचं, कृषी यांत्रिकीकरण निवडायचं, ट्रॅक्टरचलित औजारांत जाऊन यंत्र निवडायचं, २३ रुपये ६० पैसे भरायचे. पैसे भरल्याची पावती निघेपर्यंत अर्ज सादर झालेला नसतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. निवड झाल्यावर कोटेशन, तपासणी अहवाल, आरसी आणि लागू असेल तर जातीचा दाखला चढवायचा. दाखला हातात नसताना प्रवर्ग निवडला तर तिथेच अडकाल.

यंत्राचे पैसे रोखीने देऊ नका, स्वतःच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यावर द्या. सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच भरायची आहे, तिची सोय आधी बघा. मग सहायक कृषी अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे कृषी सहायक, येऊन यंत्र बघतात, फोटो घेतात. यंत्रावर कोरलेला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी त्याआधी स्वतः ताडून बघा. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. दोन-तीन खाती असतील तर आधार नेमकं कुठे जोडलंय हे बँकेत विचारून घ्या. एकदा लाभ घेतला की त्याच औजारासाठी पुढची १० वर्षं अर्ज करता येत नाही, म्हणून स्वस्तातलं यंत्र बघून घाई करू नका.

संमती येईपर्यंत तोड झालीच, तर भाड्याने कुट्टी करून घ्या. तेही जमलं नाही तर पाचट सरीत दाबून बसवा, बुडखे मोकळे करा आणि जमिनीलगत छाटा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, या हिशोबाने पाचटावर टाका आणि पाणी द्या. संवर्धन कोरड्या पाचटावर कामाला लागत नाही, त्यामुळे पाण्याची पाळी हातात असेल त्याच दिवशी ते टाका.