इंद्रधनुष्यी रंग आणि आलेखाची स्पष्टता

‘आलेखात निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग भरा, तो देखणाही होतो आणि माहितीही जास्त स्पष्ट दिसते’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. पायथॉन या संगणकभाषेत आलेख काढण्याच्या ‘मॅटप्लॉटलिब’ या साधनातही ‘जेट’ ही अशीच रंगपट्टी, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवणारी रंगांची मालिका, आपोआप लागायची. २०१७च्या २.० आवृत्तीत तिच्या जागी ‘व्हिरिडिस’ ही दुसरी रंगपट्टी आली.

तो सल्ला फसवा ठरण्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. कमी-जास्तपणा आपण मुख्यतः उजळपणावरून ओळखतो, आणि जेटमध्ये तो सरळ चढत नाही. गडद निळ्यापासून आकाशी-पिवळ्यापर्यंत रंग उजळतात, मग लालकडे जाताना पुन्हा गडद होतात. पिवळ्याभोवती तर एक ठळक पट्टा उठतो. आकडे संथपणे वाढत असले तरी तिथे अचानक काही घडल्यासारखं वाटतं. हा पट्टा माहितीत नसतोच, ही मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

पडताळणी सोपी आहे. ० ते १ मधले समान अंतरावरचे २५६ आकडे घ्या आणि त्यांची एकच पट्टी आधी जेटमध्ये, मग व्हिरिडिसमध्ये काढा. दोन्ही चित्रं कृष्णधवल करा. जेटची दोन्ही टोकं काळपट दिसतील, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा जवळपास सारखाच. व्हिरिडिस मात्र गडदाकडून उजळाकडे सलग जाईल. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांनाही ती वाचता येते.

गटांची नुसती नावं वेगळी दाखवायची असतील, तर भिन्न रंग योग्यच. तिथे चढता क्रम नसतो.