लंडन, गांडूळ आणि शिव्यांची गाळणी

'लंडन'मधलं शेवटचं अक्षर झाकून उरलेलं वाचा. मग 'पोलंड', 'थायलंड', 'न्यूझीलंड' यांची शेवटची दोन-दोन अक्षरं. गांडूळखत आणि अर्जुनाचं गांडीव यांच्याबद्दल तर सांगायलाच नको. या शब्दांत आपल्याला एरवी शिवी दिसत नाही, कारण आपण शब्द वाचतो. यंत्र मात्र अक्षरांची माळ चाचपत जातं. मजकुरातल्या शिव्या संगणकाकडून गाळून घ्यायची कल्पना निघाली तेव्हापासूनचा हा घोटाळा. त्याला नाव मिळालं ते इंग्लंडातल्या एका पोलादाच्या गावावरून.

लिंकनशायरमधलं स्कनथॉर्प. १९९६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या लोकांना 'एओएल' या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडताना आपल्या गावाचं नाव टाकता येईना. रोमन लिपीत या नावाचं दुसरं ते पाचवं अक्षर मिळून इंग्रजीतली एक जबर शिवी तयार होते. कंपनीने यावर काढलेला तोडगा काय? अडवायच्या शब्दांची यादी सुधारण्याऐवजी तिने गावच सुधारलं. आमच्या प्रणालीत तूर्तास 'स्कॉनथॉर्प' लिहा, म्हणजे एक स्वर बदला की काम भागलं! तेव्हापासून या जातीच्या चुकांना 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात.

त्याच वर्षी अमेरिकेत इंटरनेटवरच्या असभ्य मजकुराबद्दलचा कायदा आला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य बंदी रद्द केली, पण कलम २३० शाबूत राहिलं. लोकांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाही, आणि तिने सद्हेतूने काही काढून टाकलं तरी तिला कोर्टात खेचता येत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. गाळण्या लावायला कंपन्यांना मोकळं रान मिळालं ते इथून.

काही गाळण्या शब्द अडवण्यावर न थांबता तो बदलू लागल्या, आणि मग गमतीच झाल्या. २००८ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एका सनातनी ख्रिस्ती संघटनेच्या वृत्तसेवेने 'गे' दिसला की 'होमोसेक्शुअल' करायचं असा नियम यंत्राला दिला होता. ऑलिंपिक निवड चाचणीत शंभर मीटर जिंकणारा धावपटू टायसन गे त्यांच्या बातमीत 'टायसन होमोसेक्शुअल' म्हणून धावला.

यादीपलीकडे जायचा प्रयत्न मात्र फार लवकर झाला होता. संगणक-संशोधक एलन स्पर्टस यांनी १९९७ मध्ये 'स्मोकी' नावाची प्रणाली मांडली. ती वाक्याची घडण पाहायची. 'यू'ला लागूनच एखादं नाम आलं, म्हणजे 'तुम्ही गाढवं' या थाटाचं बोलणं दिसलं, की ती कान टवकारायची. ७२० संदेशांवर तिला शिकवलं आणि वेगळ्या ४६० संदेशांवर तपासलं. साध्या संदेशांपैकी ९८ टक्के तिने बरोबर ओळखले, भडक संदेशांपैकी ६४ टक्के. मला यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. शिवी न वापरता अपमान करणारे लोक तेव्हाही होते, आणि ते यंत्राच्या हाती लागत नव्हते.

पुढे नियम लिहिणं मागे पडलं, 'हे शिवराळ, हे साधं' अशा माणसांनी खुणा केलेली हजारो उदाहरणं यंत्राला दाखवणं सुरू झालं. गूगलच्या घरातल्या 'जिगसॉ'ने २०१७ च्या फेब्रुवारीत 'पर्स्पेक्टिव्ह' आणलं. मजकूर द्या, तो किती विखारी वाटतो याचे गुण घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लगेच दाखवून दिलं की 'इडियट'मध्ये एक जादा 'आय' घुसवला की विखार उतरतो. शाळेच्या बाकावर शिवी कोरताना मधलं अक्षर गाळून फुली मारणाऱ्या पोरांनी हे फुकट सांगितलं असतं. २०१९ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतले साधे ट्वीटही यंत्रं जास्त वेळा आक्षेपार्ह ठरवत होती. खुणा करणाऱ्यांच्या कानाला जी बोली खडबडीत लागते, ती यंत्रालाही तशीच लागणार.

आता मराठी. इंग्रजीत 'पूर्ण शब्द जुळला तरच पकड' एवढ्या नियमाने स्कनथॉर्पची बरीचशी सुटका होते. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते. 'गाढव' यादीत घातला तर गाढवा, गाढवाला, गाढवाच्या, गाढवांनो हे सगळे निसटतात. अर्धा शब्द जुळवला तर लंडन अडकतं. त्यात आणखी एक मेख आहे. पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या शोध-नियमांत काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही 'अक्षरं' धरलीच जात नाहीत, त्यामुळे शब्दाची सीमा शब्दाच्या पोटातच पडते. परिणाम असा की पूर्ण शब्दाची अट घातली तर लंडन सुटतं, कारण 'ड'ला लागून सरळ 'न' येतो. गांडूळ मात्र अडकतंच, कारण 'ड'नंतरच्या ऊकारालाच यंत्र शब्दाचा शेवट समजतं. रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्यांची वेगळीच पंचाईत, तिथे महात्माजींचं आडनावसुद्धा संशयित.

उदाहरणांवरून शिकवायचं तर मराठी उदाहरणं हवीत, आणि ती उशिरा आली. द्वेषपूर्ण आणि आक्षेपार्ह मजकूर यंत्राकडून ओळखून घ्यायच्या 'हासॉक' या स्पर्धात्मक उपक्रमात २०१९ मध्ये इंग्रजी, जर्मन, हिंदी या भाषा होत्या. मराठीचा नंबर २०२१ मध्ये लागला, तोही सुमारे अडीच हजार ट्वीटच्या संचावर. २०२२ मध्ये पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' या संशोधक गटाने 'महाहेट' हा संच काढला. त्यात पंचवीस हजारांहून अधिक ट्वीट आहेत आणि खाने चार: द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काही नाही. द्वेष आणि शिवी यांना वेगळे खाने दिले, हे फार बरं केलं. अत्यंत शुद्ध, प्रमाण मराठीत एखाद्या जातीबद्दल गरळ ओकता येते. उलट कोकणातली आजी 'मेल्या, जेवलास का?' विचारते तेव्हा नातवाच्या पानात जादा तूप पडणार असतं. कोल्हापूरकडे दोस्तांनी एकमेकांना घातलेल्या हाका तर इथे छापण्यासारख्याही नाहीत.

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या मध्ये एक ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बाया आपापल्या काठावर जमतात आणि हातवारे करत पलीकडच्यांना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बघ्यांची गर्दी होते, वाद्यं वाजतात. यातलं एकेक वाक्य उतरवून घेतलं आणि ओढा, काठ, सण सगळं वगळून खुणा करणाऱ्यापुढे ठेवलं, तर तो प्रत्येक ओळ 'शिवराळ' खान्यात टाकेल, आणि दिलेल्या नियमांप्रमाणे त्याचं काहीच चुकलेलं नसेल.